शेणानं सारवलेली रिंग

आमच्या जाऊबाई, चांगुणाबाई, खळं करण्यात अख्ख्या देवळाली प्रवरेत एक नंबर. हे मी सांगतेय म्हणजे खरंच असणार, कारण त्यांचं कौतुक करायची मला कधीच हौस नव्हती. मी पडले फटकळ आणि त्या अबोल. मी भांडायला जावं तर समोरून आवाजच नाही. अशा बाईशी भांडणार तरी कसं? माझा निम्मा संसार त्या रागातच गेला.

पण खळं करावं तर त्यांनीच. शेतातली जागा निवडायची, ढेकळं फोडून माती भिजवायची, माती ठोकायच्या धुमसानं चोपून चोपून बसवायची, आणि मग शेणात भुसा कालवून असं सारवायचं की वाळल्यावर एक भेग दिसता कामा नये. गहू, बाजरी काय वाट्टेल ते मळा, धान्यात मातीचा कण यायचा नाही. सुगीच्या दिवसांत लोक त्यांना गाडी पाठवून बोलवून न्यायचे म्हणे. मी लग्न होऊन वस्तीवर आले तेव्हा हे सगळं संपत आलं होतं. हार्वेस्टर यायला लागला, मळणी उभ्या शेतातच व्हायला लागली. लोकांनी खळी नांगरली आणि तिथं ऊस लावला. बाईंना कोणी बोलवेना. त्यातच मोठे दीर गेले, पदरात एकटी राजेश्वरी. बाई नुसत्या म्हशींच्या मागं राबायच्या. त्यांना हसताना मी फार कमी वेळा पाहिलंय.

राजी शाळेत होती तेव्हा खेळाच्या सरांनी तिच्या हातात थाळी दिली. थाळीफेक हो, जेवायची थाळी नव्हे. लाकडाची, लोखंडी कडेची, एक किलोची. पोरीचे हात लांब, खांदा रुंद, आणि अंगात आमच्या घराण्याचा हट्ट. पहिल्याच वर्षी तालुक्यात पहिली आली. घरी येऊन आईला म्हणाली, "आई, मला वस्तीवर रिंग पाहिजे. गोल. त्यात उभं राहून गिरकी घेऊन फेकायची असते."

"खळ्यावानी?" बाईंनी विचारलं.

"खळ्यापेक्षा लई लहान."

काय सांगू तुम्हाला, त्या बाईचं तोंड असं उजळलं की मला मेलीला पण बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी गोठ्यामागची जागा साफ. फैयाजभाईंचं वेल्डिंगचं दुकान आहे ना बाजारतळाजवळ, त्यांनी पट्टी वाकवून लोखंडी कडं करून दिलं. बाईंनी आत माती भरली, चोपली, सारवली. तळहात फिरवून बघायच्या. कुठं खडा लागला की नखानं टोकरून काढायच्या. मग ते रोजचंच झालं. सकाळी म्हशीचं शेण निघालं की पहिली पाटी रिंगला, उरलेलं गोवऱ्यांना.

राजी अनवाणी फेकायची. सारवणावर तिचा पाय असा फिरायचा की बघत राहावं. डाव्या पायावर वळायची, झेप घेऊन मध्यभागी उजव्या पायावर यायची, आणि तो पाय गर्रकन घसरत फिरायचा, तव्यावर लोणी फिरतं तसा. मग कंबर, मग खांदा, मग हात, आणि थाळी सुटायची. ती आणून द्यायचं काम माझ्याकडे. मी पार बांधाजवळ लिंबाखाली उभी असायची. ओरडायची, "आगं, डोक्यात घालतीस का चुलतीच्या?" आणि बाई रिंगच्या कडेला उपड्या पाटीवर बसून बघायच्या. बोलायच्या काहीच नाहीत. पण दुपारचं सगळं काम उरकून त्या वेळेला तिथं येऊन बसायच्याच.

तालुका, जिल्हा, दोन्हीकडे पोरगी गाजली. तिथं काय असायचं, मैदानावरच्या मुरमात चुन्याची फक्की मारून काढलेला गोल. तिथंही ही अनवाणीच. राहुरीच्या कॉलेजात गेल्यावर गोरक्षनाथ सर भेटले, त्यांनी तिच्यावर मेहनत घेतली. तेव्हा कॉलेजातली रिंगही फक्कीचीच होती. सिमेंटची नंतर झाली. घरी ही कशावर फेकते हे सरांनी कधी विचारलं नाही आणि हिनं सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काही आहे हेच कोणाला ठाऊक नव्हतं.

मग राज्याची स्पर्धा आली, पुण्याला. बरोबर घरची एक बाई हवी म्हणून मी गेले, कारण जाऊबाई म्हशी सोडून कुठं जाणार? संघातल्या सगळ्या पोरींना नवेकोरे बूट मिळाले होते. रबरी तळव्याचे, खाली खाचा असलेले. राजी म्हणाली, "काकू, कसे दिसतात?" मी म्हटलं, "पाय मोठ्ठे दिसतात." हसलो दोघी.

तिथली रिंग सिमेंटची. खरखरीत. राजीनं पहिली गिरकी घेतली, नेहमीसारखी पूर्ण जोरात. डावा पाय वळला, झेप झाली, उजवा पाय मध्यभागी टेकला आणि तिथंच रुतला. अंग पुढं फिरलं, पाय नाही फिरला. मी जाळीबाहेर होते, तरी मला तिच्या गुडघ्याचा आवाज आला. थाळी कुठं पडली ते कोणीच पाहिलं नाही.

दवाखान्यात सरांनी तिला पहिलाच प्रश्न केला, "घरी कशावर प्रॅक्टिस करतेस?"

"शेणानं सारवलेल्या रिंगवर. आई रोज सारवते." एवढ्या दुखण्यात पण पोरीच्या आवाजात ऐट होती.

सरांनी डोक्याला हात लावला. म्हणाले, "बाळा, सारवणावर पाय आपोआप फिरतो. सिमेंटवर तो फिरवावा लागतो, टाच उचलून, चवड्यावर. तुझ्या पायाला घसरायची सवय लागलीय. फिरायची लागलीच नाही."

मी भडकले. "मग सर, हे आधी कोणी बघायचं? तुम्ही का आम्ही?" सर खाली मान घालून बसले. ते म्हणाले, त्यांना वाटलं शेतात मोकळ्या जागेत फेकत असेल. मला त्यांचा राग आला खरा, पण माणूस वाईट नव्हता. त्याचा चेहरा बघवत नव्हता.

सर गेल्यावर राजीनं माझा हात धरला. "काकू, हे आईला सांगायचं नाही."

"काय सांगायचं नाही?"

"सारवल्यामुळं झालं ते. ती मरून जाईल गं. तिच्याजवळ दुसरं आहे काय? आपण सांगायचं पाऊस होता, रिंग ओली होती, पाय घसरला."

मी म्हटलं, "आगं ये, उद्या काय परवा कळेलच. खोटं कशाला?" तर रडायला लागली. आणि मग तिनं तिथूनच फोन लावला आणि आईला पावसाची गोष्ट सांगितली. पलीकडून बाई एवढंच म्हणाल्या, "जीवानिशी हायेस ना? बास."

गुडघ्याचं ऑपरेशन झालं. पोरगी कुबड्यांवर वस्तीवर आली तेव्हा रिंग ताजी सारवलेली होती. बाई मला म्हणाल्या, "त्या पुन्यावाल्यांना रिंग करता येईना. आपल्या हितं कदी घसरली का ती?" मी दुसरीकडं बघितलं. त्या दिवसापासून बाई सारवणात जास्त भुसा घालायला लागल्या, सारवण आणखी घट्ट बसावं म्हणून.

राजीचा पाय बरा व्हायला बराच काळ गेला. मग सरांनी तिला पुन्हा मैदानात उतरवलं, पण पार वेगळ्या तऱ्हेनं. गिरकी बंद. नुसतं उभं राहून फेकायचं. पाय रोवून, कंबरेतून मागं वळायचं, उजवी टाच उचलायची, आधी गुडघा आणि मग कंबर पुढं आणायची, हात सगळ्यात शेवटी. गिरकीत जो जोर फुकटात मिळायचा तो आता कंबरेतून उपसून काढायचा.

थाळीही बदलावी लागली. तिची जुनी थाळी कडेला जड. तशी थाळी लांब जाते, पण बोटातून सुटताना तिला जबर गिरकी लागते. उभ्यानं फेकताना तेवढी गिरकी बसेना. मग थाळी हवेत डुलायची आणि कुशीवर आपटायची. सरांनी मध्ये वजन असलेली थाळी दिली. ती कमी गिरकीतही सरळ जाते, डुलत नाही, पण लांबही जात नाही. राजीनं ती हातात घेतली आणि म्हणाली, "ही तर शिकाऊ पोरींची आहे."

सर म्हणाले, "तू आता शिकाऊच आहेस." घरी आल्यावर ती माझ्यापाशी खूप रडली.

आता खरी गंमत ऐका, म्हणजे गंमत कसली, डोंबलाची. सरांनी बजावलं होतं, घरी फेकायचं तर सिमेंटचा गोल करून घ्या, नाहीतर घरी फेकूच नको. कारण राहुरीला सिमेंटवर ती टाच उचलून पाय फिरवायला शिकायची, आणि वस्तीवर येऊन सारवणावर उभी राहिली की पाय पुन्हा घसरायचा. जे तिथं शिकावं ते इथं पुसलं जायचं. वर गुडघ्याला दोन्हीकडून ताण. पण सिमेंट करायचं तर आई विचारणार, का? आणि घरी फेकणं बंद करायचं, तरी आई विचारणार, का? म्हणून पोरगी रोज दुपारी तिथं उभी राहायची आणि फेकायची. बाई पाटीवर बसून बघायच्या.

मी थाळी आणून द्यायची. पण आता लिंबाखाली उभं राहून उपयोग नव्हता. मी हळूहळू पुढं सरकत होते. राजी ओरडायची, "काकू, मागं हो!" मी मागं व्हायचे. थाळी माझ्या खूप अलीकडं पडायची, आणि मी चालत जाऊन उचलायची. पश्चिमेचा वारा तोंडावर घेऊन बघितला, थाळीचं तोंड खाली ठेवून बघितलं. वाऱ्यानं थोडी उचलली जायची, पण पहिल्यासारखी लांब काही जाईना. आणि बाईंना वाटायचं, आपल्या रिंगमध्येच काही कमी आहे. सकाळी लवकर उठून त्या आणखी चोपायच्या, आणखी घोटायच्या. जेवढं त्या गुळगुळीत करायच्या, तेवढा पोरीचा गुडघा सुजायचा. सलवारीच्या आत पट्टी बांधून ती आईसमोर सरळ चालायची.

मी तिला कितीदा म्हटलं, "सांगून टाक बाई एकदाचं. नाहीतर मी सांगते." ती म्हणायची, "काकू, तुला माझी शपथ." दिवाळीच्या आधी डॉक्टर म्हणाले, गुडघ्यातली गादी झिजत चाललीय, फेकणं थांबवा. मी समोर होते. बाहेर आल्यावर तिनं पुन्हा शपथ घातली. मी त्या दिवशी तिच्याशी बोललेच नाही, एवढा राग आला होता. पण बाईंनाही काही बोलले नाही.

थंडीत राहुरीला कॉलेजांच्या स्पर्धा होत्या. बाई आपणहून म्हणाल्या, "हितं जवळच हाय. मी येते." जन्मात पहिल्यांदा त्या पोरीची स्पर्धा बघायला निघाल्या. राजीचं तोंड पांढरं पडलं. नको कसं म्हणणार? शेजारच्यांना धारा काढायला सांगून बाई ठेवणीतलं लुगडं नेसल्या आणि आम्ही तिघी रिक्षानं गेलो.

राजीनं उभ्यानं फेकलं. बरं फेकलं, खोटं कशाला बोलू. पण बाकीच्या पोरी गिरकी घेऊन तिच्या किती तरी पुढं गेल्या. शेवटच्या फेकीला तिचा पाय कड्यावर पडला आणि लाल झेंडा वर झाला. पहिल्या आठांतही नाव नव्हतं.

स्पर्धा संपली, पोरी पांगल्या. राजी पिशवी भरत होती. मी बघते तर बाई रिंगकडं निघालेल्या. म्हटलं, नवल म्हणून बघत असतील. त्यांनी चपला बाहेर काढल्या, आत गेल्या. उकिडव्या बसून सिमेंटवरून तळहात फिरवला. एकदा, पुन्हा एकदा. मग उभ्या राहिल्या आणि उजवा पाय वळवून बघितला. पाय वळेना. लुगडं सावरून त्यांनी पुन्हा जोर लावला, तर गुडघ्यात कळ आली असणार, कारण त्यांनी हात तिथं नेला. मला कळलं, यांना कळलं.

घरी आल्यावर बाईंनी लुगडंही बदललं नाही. ओट्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "राजे, त्या दिवशी पुन्याला पाऊस हुता का गं?"

मी मध्ये तोंड घातलं, "बाई, ते जाऊ द्या ना आता..."

"तू गप. मी तिला इचारतीय."

राजी म्हणाली, "नव्हता."

"मंग पाय घसरला कसा?"

"घसरला नाही आई. अडकला."

बाई उठून आत गेल्या. सकाळी मला कुदळीच्या आवाजानं जाग आली. गोठ्यामागं बाई रिंग खणत होत्या. इतक्या वर्षांचं सारवण, थरावर थर, त्याची ढेकळं निघत होती. मी "बाई, अहो बाई" करत राहिले, त्यांनी मान वर केली नाही. दुपारी त्या स्वतः फैयाजभाईंकडं गेल्या. त्यांनी गवंडी गाठून दिला. कड्यात सिमेंट पडलं, त्यावर पाणी मारलं. राजी नको नको म्हणत होती, पण नको का, ते मात्र सांगत नव्हती.

सिमेंट वाळलं तशा बाई म्हणाल्या, "फेक आता."

राजी बूट घालून आत गेली. ती मध्ये वजन असलेली थाळी घेतली. कंबरेतून मागं वळली, टाच उचलली, आणि गुडघा लटपटला. थाळी हातातून खाली पडली आणि घरंगळत गोठ्याकडं गेली. राजी तिथंच सिमेंटवर बसली.

"उठ. परत फेक," बाई म्हणाल्या.

"आई, आता नाही व्हायचं. डॉक्टरांनी बंद करायला सांगितलंय."

"कदी?"

"दिवाळीच्या आधी."

बाईंनी माझ्याकडं पाहिलं. "तुला ठाव हुतं?"

मी मान हलवली. खोटं बोलायची हिंमतच नव्हती.

"आन् तरी तू रोज हितं हुबी राहून फेकीत हुतीस?" त्यांनी पोरीला विचारलं. "कशापायी?"

"तुला बरं वाटायचं म्हणून."

माझ्या लग्नापासून मी या बाईला ओळखते. एका दमात एवढं बोलताना मी त्यांना त्या वेळी एकदाच ऐकलं.

"मला बरं वाटावं म्हनून पाय घालवलास व्हय? मी काय कुकुलं बाळ हाय? तुजा बाप गेला तवा कुनी इचारलं हुतं का, चांगुने, सोसंल का तुला? सोसलंच ना? ह्ये बी सोसलं असतं. पयल्या दिवशी बोलली असतीस, तर पयल्याच दिवशी फोडलं असतं मी त्ये खळं. पाय ऱ्हायला असता तुजा. तुमी दोगींनी मिळून ठरीवलं, हिला काय सोसंल आन् काय न्हाई. आन् मी रोज पहाटं उठून तुजा गुडगा घोटून काढीत हुते. माज्याच हातानं. आन् तुमी बगत हुतात."

राजी हमसून रडायला लागली. "चुकलं आई, चुकलं माझं." मी पण रडले. बाई रडल्या नाहीत. त्यांनी पोरीला काखेत हात घालून उठवलं, घरात नेऊन बसवलं, गुडघ्याला गरम तेल चोळलं. सगळं केलं. फक्त बोलल्या नाहीत.

राजी आता नुसती कॉलेजला जाते, फेकणं सुटलं. आईपासून काही लपवायचं नाही असं तिनं ठरवलंय. गुडघा दुखला तर दुखला म्हणते, नाही दुखला तर नाही म्हणते. काल संध्याकाळी पण म्हणाली, "आई, आज बरं आहे गं, अजिबात दुखत नाही." आणि खरंच दुखत नव्हतं, मला ठाऊक आहे. बाईंनी तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी म्हटलं, "खरं बोलतीय ती, बाई." त्यांनी ऐकून घेतलं, आणि तेलाची वाटी घेऊन आमच्या दोघींवर विश्वास न ठेवता तिच्या गुडघ्याची सूज स्वतः दाबून बघितली.